दिवाळीची पिशवी

भाऊबीजेला आगरदांड्याचा भाऊ खाडी ओलांडून दिघीला बहिणीकडे निघतो. हातात फराळ. तो कशातून न्यायचा? प्लास्टिकची पिशवी खाडीत पडली तर कुजत नाही. जाळ्यात मासळीऐवजी तीच येते. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा पिशव्यांना बंदी केली. बंदी झाली, पण सवय सुटेना. आमचीही सुटत नव्हती. मग आम्ही घरीच पिशव्या शिवू लागलो.

आईच्या जुन्या लुगड्याचा धड भाग घ्यावा. एक वीत रुंद, तीन विती लांब तुकडा कापावा. दोन्ही टोके दोन-दोन बोटे दुमडून नेफा शिवावा. मग सुलट बाजू आत ठेवून कापड मधोमध दुमडावे. दोन्ही कडा नेफ्याखालपासून तळापर्यंत शिवाव्या. नेफ्याची तोंडे मोकळी ठेवावी, नाहीतर नाडी जायची कुठून? नुसता धावदोरा ओझ्याने उसवतो. म्हणून दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन टीप घालावी. पिशवी सुलटी करावी. तीन विती नाडी दोन्ही नेफ्यांतून ओवून गाठ मारावी. ओढली की तोंड बंद!

फराळ संपतो, पिशवी राहते. आईच्या लुगड्याचा काठ बहीण लगेच ओळखते. भरून आलेले भांडे आपण रिकामे परत करीत नाही. पिशवीचेही तसेच. ती तांदूळ घालून परत येते.