कुशीतला परका

मुलाने आईला मूत्रपिंड दिलं, तरी ते टिकवायला तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, कारण त्यातला बापाकडचा वाटा तिच्या शरीराला परका असतो. तेच मूल तिच्या पोटात नऊ महिने औषधाविना वाढलेलं असतं. हे कसं, असा प्रश्न १९५३ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी नेमकेपणाने मांडला. तीन शक्यताही सुचवल्या: आई आणि गर्भ यांच्यात आडपडदा असावा, गर्भाच्या पेशी परक्या म्हणून ओळखू येण्याइतक्या पक्व नसाव्यात, किंवा आईची प्रतिकारयंत्रणा मंदावत असावी.

तिसरी शक्यता लोकांच्या मनात घट्ट बसली. गर्भारपणात प्रतिकारशक्ती कमी होते, असं आजही सर्रास सांगतात. मला हे आईच्या शरीरावर अन्याय करणारं वाटतं. तिच्या रक्तात न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि त्यांच्या जनुकांची अभिव्यक्तीही वाढलेली दिसते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की रक्तातल्या प्रतिकारपेशींमधले बदल इतके क्रमवार होतात, की त्यांवरून गर्भ किती आठवड्यांचा आहे याचा अंदाज बांधता येतो. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या अनेक बायकांचं दुखणं या काळात ओसरतं आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतं. ल्यूपस हा तशाच प्रकारचा आजार मात्र असा हमखास शमत नाही. सगळी यंत्रणाच मंदावली असती, तर हा फरक पडला नसता.

खरी नवलाई गर्भाशयाच्या अस्तरात आहे. पहिल्या तिमाहीत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के नॅचरल किलर पेशी असतात. नाव मारेकऱ्याचं, पण काम वेगळंच. वारेच्या ज्या पेशी अस्तरात शिरतात, त्यांच्यावर पेशीची ओळख सांगणाऱ्या 'एचएलए' खुणांपैकी ए आणि बी या ठळक खुणा नसतात. एचएलए-सी, ई आणि जी असतात. यातली बापाकडून आलेली सी ही खूण आईच्या किलर पेशी 'किर' नावाच्या ग्राहींनी वाचतात, आणि आईच्या रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला भरपूर रक्त मिळावं यासाठी हातभार लावतात. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की आईचे किर 'एए' प्रकारचे आणि गर्भाची खूण 'सी२' असेल, तर प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचा, धोका वाढतो. ही जोडी किलर पेशींना आवर घालणारी. म्हणजे इथे फार गप्प बसलेल्या पेशीच घातक ठरतात!

म्हणूनच एका गोष्टीची काळजी वाटते. वारंवार गर्भपात झालेल्या बायकांच्या हाताचं रक्त काढून त्यातल्या किलर पेशी मोजल्या जातात, आणि आकडा जास्त आला की त्या दाबायला स्टेरॉइड किंवा सलाइनमधून चरबीयुक्त द्रावण दिलं जातं. रक्तातल्या किलर पेशी आणि अस्तरातल्या किलर पेशी गुणधर्मांनी वेगळ्या आहेत. एकींची मोजणी दुसरींबद्दल फारसं सांगत नाही, आणि अशा उपचारांना भक्कम पुरावाही नाही. असा सल्ला मिळालेल्या बाईने डॉक्टरांना सरळ विचारावं: हा आकडा माझ्या गर्भाशयाबद्दल नेमकं काय सांगतो?