सोर्समधून गिट: सायखेड्यातला एक दिवस

सकाळी ६.३०
ऑगस्टमध्ये सायखेड्यात सगळ्यात आधी धरणांच्या विसर्गाचा आकडा बघतात. गंगापूरमधून किती सोडलं, दारणातून किती, नांदूरमध्यमेश्वरचे किती दरवाजे उघडले. दारणा इथून जवळच गोदावरीला मिळते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा असतो, म्हणून चढलेलं पाणी लवकर उतरत नाही. २०१६ आणि २०१९, दोन्ही वर्षी ऑगस्टमध्येच पुराचं पाणी गावात शिरलं. आमच्या द्राक्ष गटाच्या फवारणीच्या वह्या त्यातल्या दुसऱ्या पुरात भिजल्या. आज विसर्ग बेताचा आहे, पूल चालू आहे.

७.३०
गटाच्या ऑफिसातला संगणक सुरू केला. यावर सेंटओएस ७ आहे. पेट्यांवरच्या लेबलांचा प्रिंटर याच्याशिवाय चालत नाही, म्हणून सेंटओएस बदलता येत नाही. त्याच्यासोबत आलेलं गिट १.८.३.१ आहे, म्हणजे २०१३ सालचं. फवारणीच्या नोंदी सांभाळणाऱ्या आमच्या स्क्रिप्टमधली ‘स्विच’ ही आज्ञा गिटमध्ये आली २.२३ पासून, त्यामुळे या मशीनवर स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडते. सेंटओएस ७ चा अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपला. अधिकृत नवं पॅकेज आता येणार नाही. उरतो तो मार्ग सोर्स आणून स्वतः बांधण्याचा.

फोनच्या हॉटस्पॉटवर टारबॉल उतरवला. सगळ्यात नवी आवृत्ती मुद्दाम घेतली नाही, कारण तिला लागणारी कर्ल लायब्ररी इथल्या लायब्ररीपेक्षा बरीच पुढची आहे. सोर्ससोबत इन्स्टॉल नावाची फाइल येते, तिच्यात काय काय लागतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ती वाचून मगच आवृत्ती निवडावी. शा-२५६ चेकसम कर्नल डॉट ऑर्गवरच्या यादीशी ताडून पाहिला, जुळला.

९.००
‘मेक’ दिलं आणि काही सेकंदांत थांबलं: झेडलिब.एच सापडत नाही. लायब्ररी मशीनवर आहे, पण तिच्या हेडर फाइली नाहीत. त्या ‘डेव्हल’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. जुनी पॅकेजं आता सेंटओएसच्या व्हॉल्टमध्ये हलवली आहेत. रिपॉझिटरीचा पत्ता तिकडे वळवून झेडलिब, कर्ल, ओपनएसएसएल आणि एक्सपॅट या चौघांची डेव्हल पॅकेजं आणली, शिवाय गेटटेक्स्ट.

इथे बरेच जण आधी ‘कॉन्फिगर’ चालवतात. मी टाळतो. कर्लचं हेडर मिळालं नाही तर कॉन्फिगर गुपचूप कर्लशिवाय पुढे जातं, बांधणी सुरळीत होते, आणि एचटीटीपीएसवरून क्लोन करायला गेलं की कळतं की तो भागच बनलेला नाही. नुसतं मेक मात्र जागच्या जागी अडतं. जे कमी आहे ते तेव्हाच कळलेलं बरं.

१०.१५
प्रीफिक्स म्हणून यूएसआर-लोकल दिलं. ते न दिल्यास गिट माझ्या होम फोल्डरमध्ये बसेल आणि ऑफिसातल्या इतरांना दिसणार नाही. मशीनला दोन कोअर, म्हणून ‘-जे२’. पडद्यावर सीसी, सीसी अशा ओळी सरकायला लागल्या.

१०.५०
“दादा, लाईट गेली,” बाहेरून पोऱ्याने सांगितलं. यूपीएसची बॅटरी थकलेली आहे, मशीन तत्काळ बंद पडलं.

१२.२०
लाईट आली. पुन्हा मेक दिलं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, ते नेमकं यासाठी: फाइलींच्या वेळा बघायच्या, जे आधी कंपाईल झालं ते सोडायचं, राहिलेलं करायचं. काम उरलेल्या ठिकाणापासून पुढे गेलं आणि शेवटी लिंकरने ‘ब्लेम.ओ’ ओळखता येत नाही, फाइल अर्धवट आहे, असं म्हणून हात टेकले.

यादी काढून बघितलं तर ब्लेम.ओ शून्य बाइटची. लाईट गेली त्या क्षणी फाइलीचं नाव डिस्कवर उमटलं होतं, आतला मजकूर उमटला नव्हता. मेक फक्त वेळ बघतं. आत काही आहे का, हे ते बघत नाही. त्याच्या लेखी ही फाइल ताजी आणि पूर्ण. शून्य आकाराच्या सगळ्या .ओ फाइली शोधून पुसल्या, पुन्हा मेक दिलं, आणि या वेळी बांधणी पूर्ण झाली. वीज जाणाऱ्या गावात सोर्समधून काहीही बांधणाऱ्याने ही शोधाशोध आधीच करावी, ‘मेक क्लीन’ करून सगळं पहिल्यापासून करण्याची गरज नसते.

१.३०
डबा उघडला आणि ‘मेक टेस्ट’ लावून दिलं. टी नावाच्या फोल्डरात शेकडो चाचण्या आहेत, जुन्या मशीनवर त्यांना वेळ लागतो. तेवढ्यात पीओ फोल्डर चाळला. त्यात गिटच्या संदेशांची भाषांतरं असतात: बल्गेरियन, कॅटलान, व्हिएतनामी. मराठी नाही. गटातल्या पोरांना गिट शिकवताना मला रोज हे जाणवतं. हे काम मराठी माणसाने हाती घ्यायलाच हवं. त्याला प्रोग्रामरच हवा असं नाही, नीट मराठी लिहिणारा माणूस हवा.

३.३०
चाचण्या पास. ‘सुडो मेक इन्स्टॉल’. शेलला जुना पत्ता पाठ असतो, म्हणून ‘हॅश -आर’ दिलं, मगच नवी आवृत्ती दिसली. गिटच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नाही. उद्या काढायचं झालं तर काय काय पुसायचं ते कळावं म्हणून बसलेल्या फाइलींची यादी आणि आजच्या सगळ्या आज्ञा रिपॉझिटरीतच कमिट करून ठेवल्या.

५.००
आता खरं काम. निर्यातीच्या द्राक्षाचा प्लॉट अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदलेला असतो आणि मालातला रेसिड्यू तपासला जातो. म्हणून कोणत्या तारखेला कोणतं औषध, लिटरला किती, फवारणी ते काढणी यांतलं अंतर (पीएचआय) किती दिवसांचं, हे आम्ही प्लॉटवार साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितो. फवारणीच्या वहीत मागची ओळ खोडायची नसते, चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची. गिटही तसंच वागतं. प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश गुंफलेला असतो, मागे कुणी एक आकडा बदलला तरी पुढची सगळी साखळी बदलते.

बिटकीपरच्या फुकट वापराची सोय बंद झाली म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, लिनक्स कर्नलसाठी. एकच सर्व्हर हाच सगळ्यांचा आधार, ही अटच त्यांनी ठेवली नाही. ज्याने क्लोन केलं त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण इतिहास. नदीकाठच्या, नेट येऊन-जाऊन असलेल्या गावाला याहून सोयीचं मी काही पाहिलेलं नाही. भिजलेल्या वह्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

६.३०
‘गिट बंडल’ने सगळी रिपॉझिटरी एका फाइलीत बांधली, पेनड्राइव्हवर घेतली. गटाचा हिशेब बघणारे नाना पिंपळगाव बसवंतला राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर त्या फाइलीवरूनच क्लोन केलं, नेट लागलं नाही. ‘एफएससीके’ने तपासलं, एकही त्रुटी नाही.

“म्हणजे तिकडे पाणी आलं तरी माझ्याकडे सगळं आहे?” नानांनी विचारलं.

सगळं आहे. दुसरा पेनड्राइव्ह उद्या नाशिकला जाईल, आणि गोडी छाटणी सुरू व्हायच्या आत गटातल्या प्रत्येक घरी एक क्लोन असेल.