गेकोची शेपटी बारीक झालीये? मग आधी किडे नाही, थर्मामीटर आणा

घरात पाल दिसली की आपल्याकडे आधी झाडू शोधला जातो. त्यामुळे माझी मावसबहीण न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर रडवेल्या आवाजात सांगायला लागली, "अगं, आमची पाल काही खात नाहीये, वाळत चाललीये", तेव्हा आमची आई मागून म्हणाली, "मग बरंच आहे की!"

पण ही पाल म्हणजे लेपर्ड गेको. ताईच्या बारा वर्षांच्या लेकीने हट्ट करून घेतलेला. नाव लाडू. सहा महिन्यांपूर्वी वजन ५८ ग्रॅम होतं, त्या दिवशी भरलं ४४. शेपटी पेन्सिलीसारखी झालेली. आणि घरातल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, याला काय खायला घातलं म्हणजे हा परत गुबगुबीत होईल?

उत्तर शोधायला बसले आणि कळलं, की काय खायला घालायचं हा यातला शेवटचा प्रश्न आहे. त्याच्याआधी बरंच काही येतं.

आधी शेपटीचं गणित बघा

लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य भागातला. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, याला असतात, त्यामुळे हा चक्क डोळे मिटून झोपतो. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, म्हणून भिंतीवर चढायची भानगड नाही.

राहतो कोरड्या, खडकाळ भागात. तिथे किडे कधी भरपूर मिळतात, कधी मिळतच नाहीत. त्यामुळे चांगल्या दिवसात खाल्लेलं हा शेपटीत चरबी म्हणून साठवतो. उंटाचं वशिंड असतं ना, तसंच. तब्येत चांगली असेल तर शेपटीचा जाड भाग साधारण मानेइतका किंवा त्याहून जाड दिसतो. शेपटी आटली, कमरेची हाडं वर आली, डोळे खोल गेले की समजायचं, गेको शिल्लक मोडून खातोय. (नुकतीच शेपटी तुटली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सगळी बचत एका झटक्यात गेलेली असते.)

मोठ्या लेपर्ड गेकोचं वजन साधारण ४५ ते ८० ग्रॅमच्या मध्ये असतं. म्हणजे ४४ हा आकडा एकटा बघितला तर फार भीतीदायक नाही. लहान चणीची एखादी मादी तेवढ्यावर ठणठणीत असू शकते. पण ५८ वरून ४४ म्हणजे अंगाचा जवळपास चौथा हिस्सा गायब. दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं की डॉक्टर गाठायचा, असा साधा नियम धरून चालायला हरकत नाही.

म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य करा, गेको आत सोडा, आकडा लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा, शक्यतो खायच्या आधी. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रोज बघणाऱ्याला बारीक झालेलं कळतच नाही.

आणि हो, प्रत्येक उपास म्हणजे आजार नाही. विणीच्या हंगामात नर खाणं सोडतात, अंडी धरलेल्या माद्याही सोडतात. खाणं बंद पण वजन जागेवर, असं असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही.

ऊब नाही तर पचन नाही

आपण थंडीत गारठलो तरी पोटातलं जेवण पचतं, कारण शरीर स्वतःची उष्णता तयार करतं. गेकोचं तसं नाही. त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते आणि पचनासाठी तर ती लागतेच. टाकीच्या उबदार बाजूला जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस हवं. दुसरी बाजू थंड, २५ च्या आसपास, म्हणजे तो त्याला हवं तसं ये-जा करू शकतो. ऊब कमी पडली की भूक मरते. आणि अशा वेळी जबरदस्तीने खाऊ घातलं तर किडा पोटात पचण्याऐवजी सडतो किंवा उलटून बाहेर येतो.

लाडूच्या टाकीत काचेवर चिकटवलेला थर्मामीटर होता. पण तो जमिनीचं तापमान सांगतच नव्हता. ताईने इन्फ्रारेड गन आणून उबदार बाजूची फरशी मोजली, तर २५! थर्मोस्टॅटचा सेन्सर सरकून थेट हीट मॅटला चिकटला होता. मॅट जरा तापली की थर्मोस्टॅट ती बंद करायचा आणि वरची फरशी गारच राहायची. बाहेर न्यू जर्सीची थंडी. लाडूला भूक लागणार कुठून?

पण म्हणून थर्मोस्टॅट काढून मॅट थेट चालू ठेवू नका. पोट भाजलेले गेको डॉक्टरांकडे येतात ते याच हुशारीमुळे.

मग बघायची शी

किळस वाटली तरी हे टाळू नका. ऊब बरोबर आहे, खातोय, तरी वाळतोय, असं असेल तर पोटात दुसरं कोणीतरी जेवतंय का ते तपासावं लागतं. ताजी शी झिपच्या पिशवीत घालून, फ्रिजमध्ये (खाण्याच्या वस्तूंपासून लांब) ठेवून, एका दिवसाच्या आत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची. पिनवर्म किंवा कॉक्सिडिया निघाले तर औषध आहे. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे यूट्यूब बघून घरी प्रयोग नकोत.

खरी भीती क्रिप्टोस्पोरिडियमची. हा सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरात बसतो आणि गेको कितीही खाल्लं तरी वाळत जातो. शेपटीची अक्षरशः काडी होते. तो नेहमीच्या तपासणीत निसटू शकतो, म्हणून डॉक्टर पीसीआर चाचणी सांगतात, कधीकधी एकापेक्षा जास्त वेळा. औषधांनी तो दबतो, पण मुळापासून जाईल याची खात्री नसते. साध्या ब्लीचलाही तो दाद देत नाही. त्यामुळे घरात दुसरा गेको असेल तर बारीक झालेल्याला लगेच वेगळं करा, चिमटे, भांडी वेगळी ठेवा आणि आधी निरोगी गेकोचं काम उरकून मग आजाऱ्याकडे जा. बरा न होणाऱ्या गेकोला शांतपणे जाऊ द्यायचं का, हा प्रश्नही इथेच समोर येतो. डॉक्टरांशी त्यावर मोकळेपणाने बोला.

बाकी कारणं थोडक्यात: एकाच टाकीत दोघं असतील तर दांडगा दुसऱ्याला खाऊ देत नाही. डोळ्यांवर कात अडकली की शिकार दिसत नाही. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ होतो आणि चावताच येत नाही. वाळू गिळून आतडं तुंबतं.

आता खाणं

बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी ताटभर वाढायचं नसतं, शरीरातले क्षार एकदम बिघडून जिवावर बेतू शकतं. आधी पाणी. कोमट पाण्याच्या उथळ डब्यात दहा-पंधरा मिनिटं, लक्ष ठेवून. मग थोडं थोडं खाणं. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको.

रोजच्या खाण्यात रातकिडे किंवा डुबिया झुरळं ठेवा. किड्यांना एक-दोन दिवस आधी गाजर, पालेभाजी, दाणे खाऊ घाला, कारण उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. वरून कॅल्शियमची पावडर भुरभुरवा. वॅक्सवर्ममध्ये चरबी वीस टक्क्यांच्या वर असते, रातकिड्यात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून वजन वाढवायला लोक वॅक्सवर्म देतात. ठीक आहे, आठवड्यातून एक-दोन. पण तो गेकोचा वडापाव आहे, चटक लागली की घरच्या जेवणाकडे बघत नाही. बळेच तोंड उघडून भरवणं मात्र डॉक्टरांवर सोडा. घास श्वासनलिकेत जातो, घाबरून शेपटीही टाकली जाते. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, साल्मोनेलाचा धोका असतो.

एक महाराष्ट्रापुरतं. आपल्याकडच्या जंगलातही लेपर्ड गेकोचे भाऊबंद आहेत, सातपुड्यातली एक जात तर २०१४ मध्ये विज्ञानाला नव्याने कळली. तसा एखादा दिसला आणि बारीक वाटला, तरी उचलून घरी आणू नका. तो विषारी नाही, आणि पाळीवही नाही.

लाडूच्या शीत पिनवर्म निघाले. सेन्सर जागेवर बसवला, औषध झालं, दहाव्या दिवशी त्याने स्वतःहून रातकिडा पकडला. गेल्या रविवारी वजन होतं ४९ ग्रॅम. सध्या त्याला एक दिवसाआड खाणं आहे. ५५ च्या पुढे गेला की पुन्हा दोन-तीन दिवसांनी एकदा, कारण शेपटी मानेपेक्षा फारच जाड झाली की यकृताचं दुखणं सुरू होतं. ताईची लेक आता काट्यावरचा आकडा फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहिते, आणि आमची आई दर रविवारी फोन करून विचारते, "लाडू किती झाला गं?"