लुगडी लई झाली, बाई!

अनंत चतुर्दशीच्या रात्री मला अजूनही लवकर झोप लागत नाही. गणपती बोळवून सगळे दमून झोपतात आणि मी मात्र घड्याळाकडे बघत पडून राहते. पहाटेचे चार वाजून गेले की मग कुठं डोळा लागतो.

1993 साली 29 सप्टेंबरची रात्र अशीच विसर्जनाची होती. बार्शीत आम्ही मिरवणूक बघून उशिरा आडवे झालो. पहाटे मांडणीवरची भांडी खडखडली, पलंग हलला. मुलांना घेऊन अंगणात धावलो, थोडा वेळ थांबलो आणि परत आत जाऊन झोपलोसुद्धा! सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि हातातला चहा तसाच राहिला. माझी मैत्रीण त्याच भागात दिली होती.

सोलापूरला डी.एड. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. दोघींत मिळून एक ट्रंक आणि चार चांगल्या साड्या. तिला शाळा मिळाली ती सासरच्याच गावात. मग भेटी कमी झाल्या, पण पत्रं चालू राहिली. 1992 मध्ये तिकडे छोटे हादरे बसत होते. तिनं लिहिलं होतं, ‘रात्री जमीन गुरगुरते गं. आम्ही सगळे अंगणात झोपतो.’ मी उत्तर धाडलं, ‘अगं, सासूबाई घोरत असतील!’ पुढच्या पत्रात तीही त्यावर हसली होती. हादरे थांबले, तशी माणसं पुन्हा घरात झोपायला लागली. तीही.

30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं कोसळली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. चौथ्या दिवशी तिचा भाऊ आमच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याला काही विचारावं लागलं नाही. ती, तिचे यजमान, धाकटा मुलगा, कुणीच उरलं नव्हतं. ओसरीत झोपलेल्या सासूबाई तेवढ्या वाचल्या होत्या.

घरात बसवेना. आमच्या भिशीतल्या बायकांनी गल्लीगल्लीतून कपडे गोळा केले. आठ गाठोडी झाली. टेम्पोतून आम्ही पाच जणी निघालो. गावाजवळ पोचलो तर रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग, पावसात भिजलेले. आमच्यासारख्याच कुणीकुणी आणून टाकलेले. पत्र्याच्या शेडमध्ये मैत्रिणीच्या सासूबाई भेटल्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग शेजारची एक बाई हळूच म्हणाली, “लुगडी लई झाली, बाई! न्हायला आडोसा नाही कुठं. अंधार पडायची वाट बघतो आम्ही.”

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! आम्हीही बायकाच, पण ही गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी बांबू, ताडपत्री, बादल्या, कंदील, पाळीसाठी स्वच्छ सुती कापड आणि सुई-दोरा नेला. गावातल्याच बायकांनी हात लावला आणि दुपारपर्यंत तीन न्हाण्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत आधी सासूबाई आंघोळीला गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “सून असती तर तिनं पहिल्या दिवशीच हे केलं असतं.” माझ्याही मनात तेच आलं होतं.

मदतीचे ट्रक काही महिन्यांत थांबले. आम्ही मात्र दर दिवाळीला सासूबाईंकडे जात राहिलो, त्या होत्या तोवर. फराळापेक्षा त्यांना सुनेच्या कॉलेजातल्या गोष्टी हव्या असायच्या. त्याच त्याच गोष्टी मी दरवर्षी सांगायची.

पुढे घरं बांधताना ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केलं. सरकारी मदत कशी घ्यायची, भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं हे त्यांनी गावाला समजावलं. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला गेल्या. ते वाचलं तेव्हा मैत्रिणीची फार आठवण आली.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं शेतं-घरं धुऊन नेली. आमच्या मंडळात लगेच कपडे गोळा करायचं निघालं. मी म्हटलं, “थांबा. आधी तिथल्या एखाद्या आशाताईला, अंगणवाडीताईला फोन लावा. काय हवं, किती हवं, कुठं पोचवायचं ते विचारा.” फोन केला. त्यांना मुलांच्या वह्या, सॅनिटरी नॅपकिन आणि घरातला गाळ काढायला खोरी-घमेली हवी होती. तेवढंच पाठवलं.

मैत्रिणींनो, जुने कपडे देऊ नका असं मी म्हणत नाही. पण आधी विचारा. आणि गर्दी ओसरल्यावर एकदा तरी पुन्हा जाऊन या.

तिची पत्रं अजून त्या ट्रंकेत आहेत. गुरगुरणाऱ्या जमिनीचं पत्र सगळ्यांत वर ठेवलंय. आता कुणी भीती वाटते म्हणालं, की मी थट्टा करत नाही. जवळ बसते आणि ऐकून घेते.