मोकळ्या हवेवर हक्क कोणाचा?

विलायतेत २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस एक बातमी फुटली आणि तेथील वर्तमानपत्रांत, पार्लमेंटात आणि गल्लीबोळांत मोठा गदारोळ उडाला. पबच्या अंगणात, उपाहारगृहांच्या बाहेर मांडलेल्या टेबलांवर, म्हणजे मोकळ्या आभाळाखाली सिगारेट ओढण्यास बंदी करण्याचा सरकारचा विचार आहे, अशी ती बातमी होती. नुकतेच निवडून आलेले मजूर पक्षाचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी ती नाकारली नाही. धूम्रपानामुळे आमच्या देशात दरवर्षी ८० हजारांहून अधिक माणसे मरतात, म्हणून काही पावले उचलावीच लागतील, असे त्यांनी सांगितले.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, गोऱ्या लोकांनी बिअर पिताना सिगारेट ओढावी की ओढू नये, याच्याशी आपला काय संबंध? येथे नळाला पाणी नाही, पोराला नोकरी नाही, आणि तुम्ही विलायतेच्या गोष्टी काय सांगता? प्रश्न रास्त आहे. परंतु हा वाद नीट पाहिला तर तो सिगारेटचा कमी आणि कष्टकरी माणसाचा अधिक आहे, असे आम्हाला वाटते. म्हणूनच तो येथे मांडत आहोत.

वाद काय होता?

पब म्हटले की आपल्याकडील परमिट रूमची पडदे ओढलेली अंधारी जागा डोळ्यांसमोर आणू नये. तेथे कामगार संध्याकाळी भेटतात, गप्पा मारतात, सुटीच्या दिवशी बायकामुलांसह जेवायलाही जातात. अनेक पबच्या मागे अंगण असते, त्यात बाके-टेबले असतात, आणि पोरे तेथेच खेळतात.

एकेकाळी पबच्या आतच धुराचे लोट असत. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने कामाच्या सर्व बंदिस्त जागी धूम्रपानाला बंदी केली. देशभर असा कायदा लागू करणारा तो जगातील पहिला देश. मागोमाग २६ मार्च २००६ रोजी स्कॉटलंडने आणि १ जुलै २००७ रोजी इंग्लंडने तेच केले. आत बंदी झाल्यावर ओढणारे बाहेर आले. मालकांनी अंगणात छपऱ्या टाकल्या, भिंतींचा निम्मा भाग उघडा ठेवला म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती जागा मोकळी ठरली. २०२४ चा वाद होता तो या अंगणाचा.

पबमालकांच्या संघटना खवळून उठल्या. कोरोनाच्या टाळेबंदीने आम्ही मोडलो, विजेची बिले वाढली, आता गिऱ्हाईक तोडता काय, असा त्यांचा सवाल होता. ओढणारे म्हणाले, आम्ही आतून बाहेर गेलो, आता बाहेरूनही हाकलता, मग जायचे कोठे? डॉक्टर मंडळी म्हणाली, शेजारच्या बाकावरच्या लहान मुलाने काय गुन्हा केला आहे?

शेवटी सरकार मागे सरले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तंबाखूविषयक विधेयक पार्लमेंटात मांडले गेले. १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही आयुष्यात कधीही तंबाखू विकता येऊ नये, अशी मोठी तरतूद त्यात होती. मुलांची खेळाची मैदाने, शाळांच्या व इस्पितळांच्या बाहेरील जागा यांचाही विचार होता. पबचे अंगण मात्र वगळले गेले. धंद्यावर आधीच ताण आहे, असे कारण देण्यात आले.

दोन्ही बाजूंत तथ्य

विरोधकांचे सगळेच म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. मोकळ्या हवेत धूर लवकर विरतो, हे खरे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली या धुराची मोजमापे प्रसिद्ध केली. ओढणाऱ्यापासून सहा फुटांपलीकडे धूर बराच कमी होतो आणि सिगारेट विझताच हवा निवळते, असे त्यांना दिसले. पण त्याच पाहणीने दुसरीही गोष्ट सांगितली. अगदी हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला मोकळ्यावरही बंद खोलीइतका धूर खावा लागू शकतो.

दुसरे असे की ब्रिटनमध्ये आज ओढतो कोण? २०२३ साली तेथे सुमारे १२ टक्के प्रौढ लोक धूम्रपान करीत होते. अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत हे प्रमाण साहेबी कामे करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे बंदीचा बडगा बसतो तो बहुधा गरिबाच्या पाठीवर. पण तंबाखूने होणारा कर्करोगही बहुधा गरिबाच्याच घरी जातो, हे विसरून कसे चालेल?

तिसरा माणूस कोठे गेला?

या साऱ्या वादात मालक बोलला, ओढणारा बोलला, डॉक्टर बोलला. पण हातात थाळ्या घेऊन त्या टेबलांमधून आठ-आठ, दहा-दहा तास फिरणारा वाढपी, राखेची भांडी रिकामी करणारी बाई, टेबल पुसणारा पोरगा यांचा आवाज त्या गोंगाटात क्षीण राहिला. गिऱ्हाईकाला धूर नको असेल तर ते उठून दुसऱ्या बाकावर जाईल, दुसऱ्या पबात जाईल. वाढप्याने कोठे जायचे? तो हलला तर त्याची भाकरी हलते.

हा धूर किती महाग पडतो, याचे दाखले विलायतेतच आहेत. रॉय कॅसल हे तेथील दूरदर्शनवरचे लाडके कलावंत आणि ट्रम्पेटवादक. त्यांनी स्वतः कधी धूम्रपान केले नाही. उमेदीची वर्षे त्यांनी धुराने भरलेल्या क्लबांत वाजवण्यात घालवली. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १९९४ साली ते गेले. दुसऱ्यांच्या सिगारेटच्या धुरानेच हा आजार जडला, अशी त्यांची खात्री होती आणि अखेरच्या काळात ते तसे जाहीरपणे सांगत राहिले.

स्कॉटलंडमध्ये २००६ ची बंदी येण्याआधी डंडी येथील डॉक्टरांनी स्वतः न ओढणाऱ्या ७७ बारकामगारांची तपासणी केली होती. खोकला, घरघर, डोळ्यांची व घशाची जळजळ असा काही ना काही त्रास सुमारे ७९ टक्के कामगारांना होता. बंदीनंतर दोनच महिन्यांत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त धूर हटला. तेथील नऊ इस्पितळांत हृदयविकाराच्या झटक्याने व तत्सम त्रासाने दाखल होणारे रुग्णही बंदीनंतर १७ टक्क्यांनी घटले, आणि या घटीतला मोठा वाटा न ओढणाऱ्यांचा होता. हे आकडे बंदिस्त जागांचे आहेत, अंगणाचे नव्हेत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण धूर कोणाच्या छातीत जातो, ते त्यातून कळते.

मग मार्ग काय? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २००६ साली तो शोधला. जेथे लोक बसून खातात-पितात अशा बाहेरच्या जागेतही धूम्रपान बंद. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी मालकाला हवा तर एक वेगळा कोपरा ठेवता येतो, पण त्या कोपऱ्यात खाणेपिणे वाढायचे नाही. अर्थ साधा आहे. ज्याला ओढायचे आहे त्याने तेथे जावे, पण पोटासाठी राबणाऱ्या माणसाला तेथे उभे करू नये. स्वीडनने १ जुलै २०१९ पासून उपाहारगृहांच्या बाहेरील बैठकीतही बंदी केली. तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली नाही.

आपल्याकडचा हिशोब

आपल्या देशात मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. त्यासाठी आधार घेतला तो राज्यघटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा. २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम अमलात आले. दंड २०० रुपयांपर्यंत. मात्र ३० खोल्यांच्या वा त्याहून मोठ्या हॉटेलला आणि ३० वा अधिक बैठकांच्या उपाहारगृहाला धूम्रपानाचा वेगळा कक्ष ठेवण्याची मुभा मिळाली.

आता आम्ही विचारतो, तो कक्ष झाडतो कोण? त्यातील थोटके उचलतो कोण? मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत, बारमध्ये, गच्चीवरच्या पबमध्ये वाढपी, सफाई कामगार, दारावरचा सिक्युरिटी गार्ड म्हणून उभी असलेली पोरे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पंचशील घेतलेल्या आपल्या समाजाला मद्यालयाचे समर्थन करायचे नाही. पाचवे शील स्पष्ट आहे. पण पोट भरण्यासाठी तेथे राबणाऱ्या आपल्या पोराच्या फुप्फुसाची काळजी आपण नाही तर कोणी करायची?

मोकळ्यावरची ठिणगी काय करते, हेही मुंबईने पाहिले आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबमध्ये आग लागून १४ जण प्राणास मुकले. हुक्क्याच्या निखाऱ्याने आग लागल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. त्यानंतर २०१८ साली राज्याने हुक्का पार्लरवर बंदीचा कायदा केला. माणसे मेल्यावर कायदा येतो. आधी का येत नाही?

रोजगाराचे काय, असा प्रश्न येथेही येतो. पबमालक जसा नोकऱ्यांचा दाखला देतो, तसा आपल्याकडे विडीच्या धंद्याचा दिला जातो. सिन्नर, सोलापूर, कामठी, गोंदिया येथे विडीवर हजारो चुली पेटल्या आहेत, हे आम्ही नाकारत नाही. ‘जयभीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक कामठीचे बाबू हरदास यांनी याच विडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने गेले. त्यांचा लढा मजुराला न्याय मिळावा यासाठी होता, विडी अमर व्हावी यासाठी नव्हे. मजुराला दुसरे काम द्या आणि धूर थांबवा, या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करता येतात.

ज्याला उठून जाता येत नाही

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही तत्त्वे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे सांगितले. ओढणारा स्वातंत्र्याचे नाव घेतो, तेव्हा शेजारच्याशी असलेली बंधुता त्याने कोठे ठेवली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या वाडवडिलांनी सार्वजनिक पाण्यावरचा माणुसकीचा हक्क बजावला. त्या संग्रामाची तुलना सिगारेटच्या वादाशी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. पण सार्वजनिक या शब्दाचा अर्थ आपण तेथे शिकलो. जे सर्वांचे आहे, ते एकाने नासवायचे नाही.

आणि हाच नियम आधी आपल्या उंबऱ्याच्या आत लावून पाहावा. पबमधला वाढपी उठून जाऊ शकत नाही, तशीच चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतली आपली बायको, म्हातारी आई आणि तान्हे मूलही उठून जाऊ शकत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याचा धूर खावा लागतो, असे आढळले. महाराष्ट्रात ओढणारे कमी, ३.८ टक्के, पण तंबाखू, खर्रा, मिश्री यांचे सेवन करणारे २४.४ टक्के आहेत. तोंडाचा कर्करोग तेथूनच घरात येतो, आणि मग मंगळसूत्र, पोरांचे शिक्षण, गावचा जमिनीचा तुकडा सारे इस्पितळाच्या दारात जाते.

तेव्हा कायद्याची वाट न पाहता काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. विहाराच्या आवारात आणि ओट्यावर विडी-सिगारेट नको. जयंतीच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घरापुढे जमलेल्या माणसांतही नको. कार्यकर्त्यांनी सभा संपल्यावर पानटपरीवर उभे राहून चळवळीच्या गप्पा मारण्याऐवजी विहारात बसून माराव्यात. हॉटेल-बारमध्ये काम करणाऱ्या पोरांनी आपल्या युनियनमार्फत मागणी करावी की जेथे आम्हाला वाढावे लागते तेथे धूर नको, मग ती जागा आत असो वा गच्चीवर. आणि ज्याला सुटता सुटत नाही त्याला हिणवू नये. व्यसन हा रोग आहे. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तो क्रमांक लिहून विहाराच्या फळ्यावर लावावा.

विलायतेतील मजूर पक्षाच्या सरकारने पबचे अंगण सोडून दिले. तेथील मजूर तो प्रश्न पुन्हा उचलतील की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आपल्या खोलीतील हवेचा ठराव मात्र आज रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी मिळून करता येईल, आणि त्या ठरावात घरातल्या लहानग्यालाही मत असावे.

जयभीम!