मागत राहा म्हणजे नेमकं काय? चिकाटीची प्रार्थना आणि देवाची काळजी

नांदेडहून मी बोलतोय. ज्यांना बसमध्ये, लायब्ररीत किंवा डेटा संपल्यामुळे ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

मागच्या आठवड्यात लातूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नीटची तयारी करतोय, दुसरं वर्ष. घरी सोयाबीनची शेती, कोचिंगची फी कर्ज काढून भरलेली. त्याचं म्हणणं असं, की रोज तीच प्रार्थना करून आता लाज वाटायलीय. देवानं एकदा ऐकलं असेल तर परत परत कशाला सांगायचं? आणि ऐकलंच नसेल तर?

प्रश्न खरा आहे. त्यामुळे "विश्वास ठेव भावा, सगळं चांगलं होईल" एवढं बोलून मी तो टाळणार नाही.

आधी येशूनं काय शिकवलं ते बघू. लूकच्या शुभवर्तमानात ११ व्या अध्यायात अर्ध्या रात्री दार वाजवणाऱ्या मित्राचा दाखला आहे. घरी अचानक पाहुणा आलाय आणि टोपल्यात भाकर नाही. हा माणूस शेजारच्या मित्राकडे तीन भाकरी मागायला जातो. आतला म्हणतो, कडी लावलीय, लेकरं झोपलीत. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरात राहिलेल्याला हे लगेच कळतं. एक जण उठला की सगळं घर उठतं. तरी शेवटी तो उठून देतो, कारण बाहेरचा संकोच न करता मागत राहतो. मूळ ग्रीकमध्ये इथं जो शब्द आहे, त्याचा अर्थ जवळजवळ 'निर्लज्जपणा' असा होतो. म्हणजे जी लाज आपल्याला अडवते, तीच बाजूला ठेवायला येशू सांगतोय.

१८ व्या अध्यायात विधवेचा दाखला येतो. तिच्याकडे ना पैसा, ना ओळख, ना वशिला. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही आणि माणसाला मोजत नाही. तरी ती खेटे घालणं सोडत नाही, आणि तो वैतागून निकाल देतो.

इथं बरेच जण चुकीचा अर्थ काढतात. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, त्याला कंटाळा येईपर्यंत मागायचं, असं त्यांना वाटतं. पण येशूचा मुद्दा बरोबर उलटा आहे. असा वाईट माणूससुद्धा शेवटी ऐकतो, मग जो बाप आहे तो किती जास्त ऐकेल? म्हणून चिकाटी देवाला जागं करण्यासाठी नसते. तो जागाच आहे. दार उघडेपर्यंत आपण दारातून निघून जाऊ नये, यासाठी ती असते. 'मागा' हे क्रियापदसुद्धा ग्रीकमध्ये 'मागत राहा' अशा अर्थाचं आहे.

आता काळजीबद्दल. येशूनं आकाशातली पाखरं आणि रानातली भूकमळं दाखवली. पण पाखरंसुद्धा घरट्यात बसून राहत नाहीत, दाणा शोधायला उडतात. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. वर्षभराचं कोठार मागत नाही. लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा लोक पुढच्या महिन्याचा नाही, आजच्या घागरीचा विचार करत होते. देवावर भरवसा बऱ्याचदा असाच असतो, एका घागरीएवढा. उद्या परत मागायचं, कारण उद्या परत लागणार आहे.

यासाठी महाराष्ट्रातलं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८. सोळाव्या वर्षाच्या आसपास दुष्काळात आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, आणि मांडीवर छोटी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना त्यांनी आणलं, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. अमेरिकेतल्या संस्थेनं दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचन १८९८ मध्ये संपत होतं, आणि खाणारी तोंडं मात्र वाढत होती. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये लोकांकडे पैसे न मागता, प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवला होता. त्यांच्याबद्दल रमाबाईंनी वाचलं होतं आणि त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला.

पण त्या नुसत्या गुडघ्यावर बसून राहिल्या नाहीत. केडगावला विहिरी खोदल्या गेल्या, फळबाग लागली, विणकाम शिकवलं गेलं, छापखाना चालला. प्रार्थना आणि कुदळ दोन्ही एकाच हातात.

आणि सगळं मागितलेलं मिळालं का? नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतरावर काम करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत भाषांतर पूर्ण झालं होतं.

म्हणून कोणी म्हणालं, "तुझा विश्वास कमी म्हणून उत्तर आलं नाही", तर ते मनाला लावून घेऊ नका. पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. गेथशेमानेत स्वतः येशूनं तीच प्रार्थना परत परत केली, आणि प्याला टळला नाही. तिथं विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

मग करायचं काय? मी करतो ते सांगतो.

एक, वहीत विनंती आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी मागं वळून बघा. काही उत्तरं आपण मागितलं त्यापेक्षा वेगळ्या रूपात आलेली दिसतील.

दोन, खरं बोला. राग आला असेल तर रागानं बोला. स्तोत्रांमध्ये दावीदसुद्धा "अजून किती दिवस?" असं विचारतो.

तीन, एकट्यानं ओझं वाहू नका. मंडळीतल्या एका माणसाला सांगा, जो नाव घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना करील.

चार, तुमच्या हातातलं काम करा. अभ्यास असेल तर अभ्यास, आजार असेल तर डॉक्टर आणि गोळ्या. प्रार्थना करतोय म्हणून औषध बंद करणं हा भरवसा नाही. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच्या आज घरच्यांशी किंवा डॉक्टरांशी बोला. मदत मागणं हेसुद्धा दार वाजवणंच आहे.

लातूरच्या मित्रा, नंबर लागेल असं वचन मी तुला देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण तुझी किंमत मार्कांवर ठरत नाही, आणि उद्या परत तेच मागायला गेलास तर तिकडं कोणी "परत आलास का?" म्हणणार नाही.

या आठवड्यात एक गोष्ट निवडा आणि सात दिवस, ठरलेल्या वेळी, तीच मागा. लूक ११ आणि १८ वाचून ठेवा. पुढच्या भागात उपास प्रार्थनेवर बोलू. प्रभू तुम्हाला सांभाळो.