कॅनोसाच्या सिस्टर

धुळ्यात ‘कॅनोसा’ आणि जळगावात ‘सेंट जोसेफ’ म्हटलं की पालकांना इंग्रजी माध्यम आठवतं आणि प्रवेशाची धावपळ. कॅनोसा हे इटलीतल्या एका बड्या जहागीरदार घराण्याचं नाव. त्या घरातल्या मुलीने शाळा काढली ती फाटक्या वस्तीतल्या पोरींसाठी, हे तिथे शिकून गेलेल्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

मॅग्दलेना कॅनोसा 1774 साली वेरोना शहरात जन्मली. पाच वर्षांची असताना वडील वारले, पुढे आईने दुसरं लग्न करून घर सोडलं. वयात आल्यावर तिने कार्मेल मठात राहून पाहिलं. पण उंच भिंतींआड जन्म काढणं तिला मानवेना. परत येऊन तिने वाड्याचा कारभार हाती घेतला. या वाड्यात खुद्द नेपोलियन उतरून गेला होता, आणि शहराची दैना झाली होती तीही त्याच्याच लढायांपायी. 1808 च्या मे महिन्यात ती वाडा सोडून सान झेनो या गरीब भागात मुलींसोबत राहायला गेली. तिथे लिहिणं-वाचणं, हातकाम आणि धर्मशिक्षण चाले. शिवाय इस्पितळातल्या आजारी बायकांची विचारपूस. मला मात्र तिचं एक वेगळंच काम सर्वांत दूरदृष्टीचं वाटतं. खेड्यातल्या मुलींना काही महिने ठेवून घ्यायचं, शिक्षिका म्हणून तयार करायचं आणि आपापल्या गावी परत धाडायचं. बाहेरून आलेली बाई गावात टिकेलच असं नाही, हे सातपुड्याच्या पाड्यांवर काम केलेल्या कुणालाही पटेल.

1835 मध्ये मॅग्दलेना गेली, 1988 मध्ये तिला संतपद मिळालं. तिने उभारलेल्या संघाच्या धर्मभगिनी 1860 ला हाँगकाँगला आणि 1889 ला कोचीनला पोचल्या. आज धुळ्याच्या शाळेची फी भरणारा पालक बहुतेक मध्यमवर्गीय असतो. सान झेनोतल्या पोरींची आजची बहीण बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडेल. ही विसंगती सिस्टरांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. कदाचित म्हणूनच मुंबईत माहीमला याच संघाने विशेष मुलांसाठीही शाळा चालवली आहे.

सिस्टर होणं हा एका दिवसाचा निर्णय नसतो. आधी उमेदवारी, मग किमान बारा महिन्यांची नवदीक्षा, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं आणि त्यानंतर कायमची. व्रतं तीन: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. आज्ञापालनाचा रोजच्या जगण्यातला अर्थ म्हणजे बदली. सरकारी मास्तरासारखीच ती येते, फक्त वशिला लावायची सोय नसते.

दारिद्र्याचं व्रत तर थेट आयकर खात्यापर्यंत गेलं. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिच्या नावाने निघतो, पण ती तो संघाकडे देते. मग टीडीएस कापायचा का? तमिळनाडू आणि केरळमधून हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. व्रत घेतलेल्या व्यक्तीला चर्चच्या कायद्यानुसार ‘नागरी मृत्यू’ आलेला असतो, उत्पन्न तिचं नसतंच, असा एक युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तो कुणाला द्यायचा हा तिचा प्रश्न, तेव्हा कर आधी कापायचा.